पडवीतली तुळई आणि पाच हार्नेस

आई पाठीला तेल लावत होती. तिचा हात उजव्या बरगडीखाली गेला आणि मी कळवळले.

"ह्या काय गो बाय? सगळा काळानिळा झालाहा!"

आरशात पाहिलं तर दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांवर, तळहाताएवढे डाग. मी कुठे पडले नव्हते, बोर्डही लागला नव्हता. हे काम हार्नेसचं, म्हणजे कमरेला आवळून बांधायच्या हुकाच्या पट्ट्याचं होतं. काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर बोर्डने पाण्यावरून जायचा खेळ, शिकायला लागून मला तेव्हा जेमतेम पाच दिवस झाले होते.

मी वेंगुर्ल्याची, वय ३८, शाळेत भूगोल शिकवते. शिकायला मी शनिवार-रविवार गोव्यात मोरजी-आश्व्याला जायचे आणि सरावासाठी शिरोड्याच्या वेळागरला. खारे वारे आणि मतलई वारे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते, पण ते अंगावर कसे येतात ते या खेळाने शिकवलं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आमच्याकडे दुपारी बारा-एकला समुद्राकडून वारा सुटतो आणि तीन ते पाच चांगला जोर धरतो. बऱ्याच दिवशी तो १२ ते १६ नॉटच्या आसपास असतो, वायव्येकडून येणारा. किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे हा वारा वाळूला तिरका लागतो आणि काही बिनसलं तर माणसाला परत किनाऱ्याकडे आणतो. पहाटेचा मतलई वारा नेमका उलटा, खोल समुद्राकडे लोटणारा. त्यात काइट उघडायचाच नाही.

हा खेळ न पाहिलेल्यांना वाटतं की काइट हातांनी धरून ठेवायचा असतो. हातात असतो तो फक्त बार, काइटला दिशा द्यायला आणि ओढ कमी-जास्त करायला. खरी ओढ दोऱ्यांतून बारखालच्या जाड फासात, म्हणजे चिकन लूपमध्ये, तिथून हार्नेसच्या हुकात आणि हुकातून कमरेवर येते. माझं वजन ६१ किलो. आमच्या वाऱ्यात मला १२ चौरस मीटरचा काइट लागतो. त्याची ओढ तास-दीड तास कमरेने पेलायची असते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली काइटच्या शर्यती पहिल्यांदाच झाल्या, मार्सेयच्या समुद्रात. त्या फोनवर बघताना सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, ह्यांच्या कमरेला काय बांधलंय?" सगळे काइटकडे बघत असताना तिची नजर बरोबर जागी गेली होती.

डाग पडले कसे, हे माझ्या शिक्षकाने वाळूवर उभं करून दाखवलं. आश्व्याचाच मुलगा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. "ताई, तुम्ही काइट सारखा डोक्यावर ठेवता. बाराला ठेवलात की तो सरळ वर ओढणार, मग हार्नेस वर सरकणारच. अकराला आणा, नाहीतर एकला. ओढ बाजूने आली की तो कमरेवर बसतो." घड्याळाच्या काट्यांची ही भाषा सगळेच शिक्षक वापरतात. त्याचं म्हणणं खरं होतं, पण ते निम्मं कारण होतं. दुसरं कारण असं की काइट शिकवणाऱ्या शाळेचा तो हार्नेस एल मापाचा होता, शंभर जणांच्या कमरेला लागून त्याचा फोम मऊ पडलेला, आणि मी आत ओली लायक्रा घातलेली. व्हिडिओंत हार्नेस जागेवर राहतो ते लोक बहुधा थंड पाण्यातले असतात. जाड निओप्रीनचा वेटसूट घातलेला असला की त्याला पकड मिळते. आमच्या कोमट पाण्यात रॅशगार्डवर, म्हणजे लायक्राच्या पातळ सदऱ्यावर, तोच पट्टा साबण लावल्यासारखा घसरतो. थंड समुद्रातल्या माणसाचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे कळायला मला फार वेळ लागला.

दुखतं एवढाच प्रश्न असता तर मी सोसलं असतं. पण हार्नेस वर गेला की हुक छातीखाली येतो, बार तोंडाजवळ येतो आणि कोपर वाकतात. मग तोल सावरायला आपण नकळत बार पोटाशी ओढतो. बार ओढला की काइटची मागची कड खाली खेचली जाते, तो हवेत अडखळतो आणि मागे मागे येत पडतो. वॉटर स्टार्टच्या वेळी, म्हणजे पाण्यातून बोर्डवर उभं राहताना, माझा काइट असाच पडायचा आणि मला वाटायचं की माझ्या हातांना हे जमत नाही. तीन शनिवार-रविवार मी हातांना दोष देत होते.

मग मी सीट हार्नेस घेतला. पुण्याच्या एका माणसाने खेळ सोडला होता, त्याच्याकडून सहा हजारांत जुना मिळाला. त्याचे पट्टे मांड्यांतून जातात, त्यामुळे तो वर सरकूच शकत नाही आणि हुक ओटीपोटाशी राहतो. अनेक जण त्याला म्हाताऱ्यांचा हार्नेस म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. माझा पहिला वॉटर स्टार्ट, मग सलग वीस, चाळीस, शंभर मीटर, सगळं त्याच हार्नेसमध्ये झालं. खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, ओढ खाली लागते, भीती कमी होते. ज्यांची पाठ दुखते किंवा ज्यांच्या कमरेवर पट्टा टिकतच नाही, त्यांनी लाज न बाळगता तोच घ्यावा.

मला तो पुढे चालला नाही याचं कारण मांड्या. एप्रिलच्या उन्हात खारं पाणी, बारीक वाळू आणि घासणारा पट्टा. दोन तासांनी कातडी सोलून निघायची आणि सोमवारी वर्गात उभं राहणं कठीण व्हायचं. शिवाय किनाऱ्याने वाऱ्याच्या उलट दिशेने परत चालत यायचं तर पाऊल मोकळं पडत नाही, आणि मी त्या दिवसांत जितकी तरंगायचे त्याहून जास्त चालायचे.

एकदा वेळागरला मी तो हार्नेस वाळत टाकला होता. शेजारी रापण आटपून आमच्या ओळखीचे आबा बसले होते. त्यांनी पट्टा उचलला, जाळं तपासावं तसा दोन्ही अंगठ्यांखालून सरकवत नेला आणि एका जागी थांबले. हुकाची पट्टी जिथे पट्ट्याला मिळते तिथे शिवणीचे दोरे केसांसारखे उभे होते. वरून रंग ठीक दिसत होता. उन्हाने आतून जीव गेला होता.

"दोर जय घासता, थयच तुटता," आबा म्हणाले. "मधी बघू नको. कडेक बघ."

बाजारातले एक कारागीर ताडपत्र्या आणि बॅगा शिवतात. ते शिवून द्यायला तयार होते, पैसेही फार मागत नव्हते. मी रात्रभर विचार केला आणि नको म्हटलं. बॅगेचा पट्टा सुटला तर बॅग पडते. इथे त्या एका शिवणीवर मी आणि काइट दोघंही टांगलेले असतो, आणि जुन्या कुजक्या पट्ट्याला नवा मजबूत दोरा घातला तर तो पट्टाच कापत जातो. मी तो हार्नेस कात्रीने तीन ठिकाणी कापून टाकला, म्हणजे मांगरात पडलेला बघून कुणी उचलून वापरायला नको. सहा हजार गेले. जुना हार्नेस घेताना शिवण न बघता फक्त फोम दाबून पाहिला होता, त्याची ती किंमत.

नंतरची चूक जास्त महागात पडली. कमरेचा नवा हार्नेस ऑनलाइन मागवला, जीन्सच्या मापावरून, एम. जीन्स बसते कमरेच्या खाली, हार्नेस बसतो बेंबीवर. दोन्ही ठिकाणचा घेर माझ्या बाबतीत चांगला सात सेंटिमीटरने वेगळा आहे. टेप बेंबीवरून, उघड्या अंगावर, श्वास सोडून धरायचा आणि मग त्या त्या कंपनीचा तक्ता बघायचा, कारण एकीची एस ती दुसरीची एम असते. दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्यावा, फोम पाण्यात सैल होतो. हे मी आता सांगते आहे. तेव्हा खोका उघडला, कोरडा घालून बघितला, छान वाटला. पाण्यात गेल्यावर पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी दोन बोटं आत जात होती. विकणाऱ्याने एकदा ओला झालेला माल परत घ्यायला नकार दिला.

त्या सैल हार्नेसमध्ये मे महिन्याच्या शेवटी जे झालं, त्यानंतर मी या गोष्टीकडे आरामाचा प्रश्न म्हणून बघणं सोडलं. दुपारी चारला दक्षिणेकडून ढग आले आणि वारा एकदम वाढला. किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी काइट उतरवायला घेतले. मला उतरवता येईना, पायाखालून दोनदा उचलले गेले, म्हणून क्विक रिलीज, म्हणजे चिकन लूप झटक्यात सोडवणारी खटकी, ओढला. इथवर बरोबर. बार सुटला, काइट लीशवर, म्हणजे हार्नेसला जोडलेल्या सुरक्षेच्या दोरीवर, लोळत पाण्यात पडला, पण तरी वाऱ्यात फडफडून ओढत होता. आता गरज पडली तर लीशही सोडायची, म्हणून हात नेहमीच्या जागी नेला तर तिथे कडी नव्हती. सैल हार्नेस कमरेभोवती गरकन फिरला होता. लीशची कडी डावीकडून पार पाठीमागे गेली होती आणि चाकूचा खिसा पोटावर आला होता. पाण्यात, नाकातोंडात लाटा जात असताना, मी स्वतःच्या कमरेवर कडी चाचपत होते. सापडली तोवर पाय वाळूला लागले होते, म्हणून सोडावी लागली नाही. किती सेकंद गेले ते मी मोजले नाहीत.

पावसाळ्यात आमच्याकडे हा खेळ बंदच. त्या चार महिन्यांत मी ठरवलं की पुढचा हार्नेस अंगावर टांगून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही. ऑक्टोबरमध्ये शिक्षकाकडे गेले. त्याने दोन दिले, आश्व्याला येणाऱ्या दोन मैत्रिणींनी एकेक दिला, आणि माझा सैल एम होताच. पाच हार्नेस घेऊन घरी आले.

आमच्या पडवीला फणसाची तुळई आहे. तिला मासेमारीचा नायलॉनचा दोर बांधला, खाली फास केला आणि हार्नेसचा हुक त्यात अडकवला. रॅशगार्ड घालून अंगावर दोन बादल्या पाणी ओतून घेतलं, कारण कोरड्या अंगावर सगळेच हार्नेस चांगले वाटतात. गुडघे वाकवून, पाय पुढे, मागे रेलून पूर्ण भार हुकावर सोडला. एकेकाला १५ मिनिटं, फोनवर घड्याळ लावून. हार्नेसच्या वरच्या कडेवर रॅशगार्डला खडूची खूण करायची आणि शेवटी तो किती वर गेला ते टेपने मोजायचं. आई पायरीवर बसून वहीत लिहीत होती.

पहिल्या दिवशी एक चूक लक्षात आली. तुळईचा दोर सरळ वर ओढतो, म्हणजे काइट बाराला धरल्यासारखं. ती सगळ्यात वाईट स्थिती, बघायला हवीच, पण पाण्यावर बोर्ड चालवताना ओढ तिरकी असते. म्हणून दुसऱ्या दिवशी दोर पडवीच्या खांबाला डोक्याच्या उंचीवर बांधला आणि मागे रेलून उभी राहिले. दोन्ही दिवसांची वही शेजारी ठेवली तेव्हा चित्र स्पष्ट झालं.

शाळेचा मऊ हार्नेस तिसऱ्या मिनिटाला चार बोटं वर. माझा एम पूर्ण आवळल्यावर दोन्हीकडच्या कडा स्प्रेडर बारला, म्हणजे हुक असलेल्या आडव्या पट्टीला, जाऊन टेकत होत्या, आणखी आवळायला जागाच नव्हती. हे दुकानात उभ्या उभ्यासुद्धा दिसलं असतं. पट्टे आवळल्यावर बारचं टोक आणि हार्नेसची कड यांत दोन-तीन बोटं जागा उरायला हवी, तीच पाण्यात फोम सैल पडल्यावर कामी येते.

तिसरा शिक्षकाचा, पाठीला कडक कवच असलेला, पुरुषांच्या मापाचा. याच्याबद्दल मला फार आशा होती. तो वर अजिबात गेला नाही, बारही हलला नाही. पण माझ्या पाठीचा खालचा बाक खोल आहे, कवच त्यामानाने सपाट. आईने मागून हात घातला तर तिची बोटं आरपार गेली. म्हणजे सगळा भार कवचाच्या फक्त दोन कडांवर. आठव्या मिनिटाला खालची कड टोचायला लागली, बाराव्याला पायाला मुंग्या आल्या आणि मी उतरले. कडक कवच भार पसरवतं हे खरं, पण ते पाठीला सगळीकडे टेकलं तरच. न टेकलेलं कवच मऊ हार्नेसपेक्षा वाईट.

चौथा बायकांच्या मापाचा, मऊ, एस. पहिली दहा मिनिटं इतका सुखाचा होता की तोच घ्यायचं मी मनात ठरवलं होतं. मग बाजूंना घडी पडली आणि तो गुंडाळी झाल्यासारखा बरगड्यांना दोन्हीकडून चिमटत गेला. दुकानात पाच मिनिटं घालून बघितला असता तर हाच घेऊन आले असते आणि तेच काळे-निळे डाग परत पडले असते. १५ मिनिटांचा हट्ट धरला याचं मला आजही समाधान वाटतं.

पाचवा बायकांच्या मापाचाच, एस, पाठीला अर्धकडक कवच. पाठीला नीट टेकला, पण बारच्या गादीचा वरचा कोपरा डाव्या बरगडीला लागत होता. फोनवर शिक्षकाने विचारलं, "ताई, वरचा पट्टा आधी आवळलात का?" हो. "खालचा आधी आवळा, घट्ट. मग वरचा, थोडा सैल." एवढ्याने कोपरा उतरला. तुळईला १५ मिनिटांत तो एक बोट वर गेला, खांबाला तेवढाही नाही.

त्याच बनावटीचा नवा घेतला, ३१ हजारांना. शिक्षिकेच्या पगारात ही रक्कम लहान नाही, पण आधीच्या दोन्ही हार्नेसचे पैसे मिळवले तर फार दूरची राहत नाही. कंपनी कोणती, हे मला सगळे विचारतात. मिस्टिक, आयन, मनेरा, राइड इंजिन, डकाइन, सगळ्यांचे हार्नेस लोक वर्षानुवर्षं वापरतात. प्रत्येकीच्या कवचाचा बाक वेगळा आणि आपल्या पाठीचाही. माझ्या पाठीवरून दुसऱ्या कुणासाठी नाव सुचवणं मला बरोबर वाटत नाही.

हुक की दोर, यावर मी फार डोकं घातलं नाही. लाटांवर किंवा फॉइलवर, म्हणजे खाली पंख लावलेल्या बोर्डवर, जाणारे स्प्रेडर बारवर हुकाऐवजी सरकता दोर लावतात, त्याने शरीर मोकळं वळतं. मी ट्विन टिप, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेल्या, बोर्डवर आहे, मला पक्का हुक पुरतो, आणि सतत घासणारा आणखी एक दोर तपासत बसायची गरज नाही.

अंगावर काय घालतो तेही याच हिशेबात येतं. माझं नेहमीचं लाइफ जॅकेट लांब होतं, पाण्यात ते हार्नेसला खालून-वरून ढकलायचं. आता काइटसाठीचा आखूड इम्पॅक्ट व्हेस्ट घालते, जो हार्नेसच्या वर संपतो. तो मार झेलतो आणि थोडंफार तरंगवतो. लाइफ जॅकेटचं काम तो करत नाही, हे समजूनच मी किनाऱ्यापासून फार लांब जात नाही.

आता राहिलं मीठ. शिरोडा मिठागरांचं गाव, १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला. हवेतच मीठ आहे. स्टेनलेस स्टीलचा हुकसुद्धा काळजी न घेता ठेवला तर स्क्रूच्या तोंडाशी तांबूस होतो. प्रत्येक वेळी घरी आल्यावर हार्नेस गोड्या पाण्यात बुडवून ठेवते. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, तेव्हा नळाचं पाणी राखून ठेवते, आई कुरकुरते तरी. वेल्क्रोतली वाळू जुन्या टूथब्रशने काढते. वाळत घालते ते पडवीत, सावलीत, कारण उन्हात वाळवलेल्या पट्ट्याचं काय होतं ते आबांच्या अंगठ्यांनी दाखवलं आहे. जून ते सप्टेंबर हा त्याहून कठीण काळ. पहिल्या पावसाळ्यात तो एम मी बॅगेत बंद करून ठेवला होता. गणपतीत उघडला तर फोमवर पांढरी बुरशी आणि कुबट वास. आता नवा हार्नेस चार महिने माजघरात, चुलीच्या भिंतीपासून जवळ पण धुरापासून दूर, मोकळा टांगलेला असतो.

पाण्यात उतरण्याआधी रोज एकच क्रम असतो. कडेच्या शिवणी अंगठ्याखालून नेते. स्क्रू हाताला हलतो का बघते. लीशची कडी, मागची पकड, चाकू, तिन्हींना डोळे मिटून हात लावते, आणि हात चुकला तर पट्टे सोडून परत बांधते. पट्टे बांधल्यावर मैत्रिणीला हुक धरून जोरात डावी-उजवीकडे ओढायला सांगते. हार्नेस माझ्याभोवती फिरता कामा नये, माझ्यासकट फिरायला हवा.

गेल्या रविवारी मालवणहून एक जण आली होती. नुकतीच शिकायला लागलेली, बरगड्या दुखतात म्हणून सांगत होती. मी तिला टेप दिला, बेंबीवरून माप घ्यायला लावलं, अंगावर बादली ओतली आणि माझ्या हार्नेससकट तुळईला टांगलं. आई वही घेऊन पायरीवर बसली. नवव्या मिनिटाला ती म्हणाली, "काकी, डावीकडे खाली लागतंय." आईने मिनिट लिहिलं, पुढे "डावी, खाली" लिहिलं, आणि अजून सहा मिनिटं राहिली आहेत असं सांगितलं.